मेणाचा हात: नर्मदेच्या फुगवट्यातल्या एका फायबर बोटीची तपासणी

सरदार सरोवराच्या बुडितात नंदुरबार जिल्ह्यातली ३३ गावं आली, सगळी अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतली. धरणाची पूर्ण पातळी १३८.६८ मीटर. पाणी त्या आसपास असलं की सातपुड्याच्या डोंगरसोंडा एकमेकींपासून तुटतात आणि काठच्या कित्येक पाड्यांना पाणी हाच रस्ता उरतो. आजारी माणूस, बाळंतीण, धान्याची पोती, सगळं बोटीनं. उन्हाळ्याकडे पाणी उतरतं, तेव्हा बुडालेल्या झाडांचे बुंधे आणि खडकांची टोकं वर येतात. लाकडी होडी असो की फायबरची बोट, इथं तिच्या तळाला सुख नाही.

हे प्रकरण तिथल्याच एका २४ फुटी फायबर बोटीचं. बोट कोणाची, बांधली कोणी, आधी तपासली कोणी, यांपैकी कोणाचंच नाव देत नाही. त्यावाचून काही अडत नाही. माझं रोजचं काम जळगाव-धुळे पट्ट्यातल्या फायबरच्या टाक्या तपासण्याचं, ॲसिडच्या आणि पाण्याच्या. बोट माझ्याकडे आली ती बांधणारा कारखाना जळगाव एमआयडीसीतला टाक्यांचाच होता म्हणून. प्रकरणाचा उलगडाही शेवटी याच गोष्टीत निघाला.

तक्रार काय होती

बोट दोन-अडीच वर्षं वापरात होती. बाहेरून तळाच्या जेलकोटला, म्हणजे फायबरवरच्या सर्वांत बाहेरच्या गुळगुळीत थराला, बारीक चिरा दिसत होत्या आणि तळाशी पाणी साचत होतं. मालक म्हणजे एक कार्यालय. त्यांना एका ओळीचं उत्तर हवं होतं: बोट माणसं न्यायला योग्य आहे की नाही. कारखानदाराचं म्हणणं, नावाड्यानं खडकावर घातली. नावाडी पावरा समाजातला, पन्नाशीचा माणूस, आधी वर्षानुवर्षं लाकडी होडी चालवलेला. तो चिरांबद्दल बोलतच नव्हता. "साहेब, पाणी येतं ते जाऊ द्या, काढता येतं. पण भरून निघालो ना, की उजवीकडं पायाखालचं तळ लपलपतं. डावीकडं नाही." त्याच्या या वाक्याची कोणी कुठं नोंद केली नव्हती.

आधी एक तपासणी झालेली होती. पोलादाच्या वेल्डिंगची अल्ट्रासॉनिक, म्हणजे ध्वनिलहर सोडून तिच्या प्रतिध्वनीवरून, तपासणी करणाऱ्या कोणाला तरी बोलावलं, आणि त्यानं लहर सोडणारा-टिपणारा आपला नेहमीचा ४ मेगाहर्ट्झचा प्रोब तळाला लावला. मागच्या पृष्ठभागाचा प्रतिध्वनी कुठंच मिळेना, म्हणून 'तळात सर्वत्र अंतर्गत दोष' असा अहवाल दिला. हाताने रोलर मारून बनवलेल्या फायबरमध्ये काचेचे धागे, त्यांना धरून ठेवणारं रेझिन आणि बारीक हवेचे बुडबुडे अशी सरमिसळ असते. एवढ्या उंच वारंवारितेची लहर त्यात विखरून जाते, परत येतच नाही. तिथं १ मेगाहर्ट्झ किंवा त्याहून खालचा प्रोब लागतो. यंत्र पोलादावर लावलेलं असेल तर आणखी एक घोळ होतो. पोलादात ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ५९०० मीटर, हाताने बनवलेल्या फायबरमध्ये साधारण २५०० ते ३०००. म्हणजे ८ मिलीमीटरचा तळ पडद्यावर सोळा-सतरा दिसणार. चांगल्या प्रमाणपत्राचा माणूसही दुसऱ्याच्या मालावर असा फसतो, आणि त्याच्या कागदावरचा शिक्का मात्र तितकाच गोल असतो.

बोट ट्रकवर चढवून तळोद्याला एका बंद जिनिंगच्या आवारात आणली. मार्च महिना. शेजारच्या शेडमध्ये पपईचे क्रेट भरले जात होते, त्यामुळे बोट उलटी-सुलटी करायला हमालांची ददात नव्हती.

चिरा, नाणं, पाणी

पहिलं काम डोळ्यांचं. जेलकोटची जाडी जेमतेम अर्धा मिलीमीटर, त्यात काच नसते, त्यामुळे तो आधी तडकतो. पण कसा तडकला त्यावरून खूप कळतं. एका बिंदूतून चहूकडे फुटलेल्या चिरा म्हणजे मार. समांतर, सरळ चिरा म्हणजे त्या जागी तळ पुन्हा पुन्हा वाकतो आहे, आणि बहुधा आत एखादी ताठ कड आहे. या बोटीला दोन्ही होत्या. पुढच्या टोकाला डावीकडे चांदणीसारखी एक जखम, तिथं खडक लागला हे उघड होतं. आणि उजव्या तळाला लांबीच्या दिशेनं समांतर रेघा, आतल्या स्ट्रिंगरच्या कडेला बरोबर धरून. म्हणजे कारखानदार आणि नावाडी दोघंही खरं बोलत होते, वेगवेगळ्या जागांबद्दल.

स्ट्रिंगर म्हणजे तळाला आतून लांबीभर बसवलेले दांडे. फोमच्या दांड्यावर मॅट, म्हणजे काचेच्या धाग्यांचं कापड, आणि रेझिन चढवून त्याच्या दोन्ही बाजूंना तळावर तीन-एक इंचाची पट्टी पसरवतात. त्या पट्टीनं दांडा तळाला धरलेला असतो. तळ एकटा पातळ आणि लवचिक. दांडा आणि तळ एकजीव असतील तरच ताठपणा येतो. या बोटीत असे चार दांडे होते, दोन डावीकडे, दोन उजवीकडे.

मग ठोकून पाहणं. फायबरवाले यासाठी जुनं रुपयाचं नाणं किंवा प्लॅस्टिकची हातोडी वापरतात. चांगल्या थराचा आवाज खणखणीत, थर सुटले असतील तिथं बद्द. पुढच्या जखमेभोवती तळहाताएवढ्या भागात आवाज बद्द आला, खडूनं आखून घेतला. बाकी सगळा तळ छान वाजला, उजवीकडचाही. पट्टीखालची जागासुद्धा.

बार्कोल कडकपणा, म्हणजे पृष्ठभागावर सुई दाबून मोजतात तो, आतल्या बाजूनं घेतला. पॉलिस्टर रेझिन नीट पिकलं असेल तर आकडा साधारण ३५च्या वर जातो. इथं दोन्ही बाजूंना ३६ ते ४२ आले. माल कच्चा राहिल्याची शंका तिथंच मिटली.

ओलाव्याच्या मीटरबद्दल मात्र सावध राहावं लागतं. हे मीटर कपॅसिटन्सवर, म्हणजे मालाच्या विद्युत गुणावर, चालतं, ओलावा थेट मोजत नाही. मागं लोखंड असो, तांबं मिसळलेला रंग असो, तळाशी साचलेलं पाणी असो की पहाटेचं दव, सगळ्यावर काटा सारखाच उडतो. आकडा फक्त त्याच बोटीच्या दुसऱ्या जागेशी ताडून पाहायचा. पहिल्या दिवशी बोट सगळीकडेच ओली दाखवत होती, जे साहजिक होतं. ट्रान्समवर, म्हणजे इंजिन बसतं त्या मागच्या फळीवर, बोल्टांच्या खाली काटा सर्वांत वर गेला. तेवढं लिहून ठेवलं आणि मीटर बॅगेत टाकलं.

ओली बोट आणि सुकी बोट

अल्ट्रासॉनिकसाठी आधी वेग ठरवावा लागतो, आणि तो पुस्तकातून घेऊन चालत नाही. काचेचं प्रमाण बदललं की वेग बदलतो. बोटीला नळीसाठी किंवा निचऱ्यासाठी भोक पाडलं की निघालेली चकती जपून ठेवावी. त्याच चकतीवर यंत्र लावता येतं. या कारखान्यानं ती ठेवलेली नव्हती. म्हणून निचऱ्याचा बूच काढला, भोकाच्या कडेची जाडी कॅलिपरनं मोजली आणि शेजारीच प्रोब ठेवून वेग जुळवला. तळ ८ मिलीमीटर, पट्टी ४. म्हणजे पट्टी जिथं नीट चिकटली आहे तिथं बाहेरून मोजलं तर १२ च्या आसपास दिसायला हवं. सुटली असेल तर ध्वनी फटीवरूनच परत येईल आणि ८ दिसतील.

बोट आली त्या दिवशी चारही दांड्यांखाली आकडे ११.५ ते १२.३ आले. डावं-उजवं सारखंच. ठोकून आवाज चांगला, कडकपणा चांगला, जाडी चांगली. कार्यालयाचा माणूस तिथंच म्हणाला, "मग लिहून द्या की पास."

नावाड्याचं वाक्य आणि समांतर चिरा नसत्या तर कदाचित तसंच झालं असतं. पण आकडे आणि चिरा जुळत नव्हते. तळ वाकतो आहे हे चिरा सांगत होत्या, आणि वाकायला काही कारण नाही असं यंत्र सांगत होतं. दोन पृष्ठभाग चिकटलेले नाहीत, नुसते एकमेकांना टेकलेले आहेत, अशी स्थिती फायबरमध्ये असू शकते. फटीला जाडी नसते म्हणून नाण्याचा आवाज बदलत नाही. आणि तळाशी साचलेलं पाणी केशाकर्षणानं त्या फटीत शिरलं असेल तर तेच पाणी ध्वनीला पलीकडे नेतं. प्रोबखाली आपण जेल लावतो ते ज्या कामासाठी, तेच काम फटीतलं पाणी करतं.

म्हणून पायाखालच्या फळ्या काढल्या, बोट उलटी करून विटांवर थोडी वर ठेवली आणि वाळू दिली. मार्चच्या शेवटाला तापी खोऱ्यात पारा चाळिशीला टेकतो आणि वारा कोरडा असतो. हीटर लावायची गरज नाही. बिंदू आधीच खडूनं आखून क्रमांक दिलेले होते. काही दिवसांनी त्याच बिंदूंवर पुन्हा आकडे घेतले. डावीकडे तेच ११.५ ते १२. उजवीकडे मधल्या साधारण आठ फुटांच्या लांबीत आकडे ८ वर उतरले, दोन्ही दांड्यांखाली. पट्टीची दोन्ही टोकं तेवढी धरलेली होती.

यंत्र दोन्ही वेळा बरोबरच मोजत होतं. फायबर बोटीची जाडी ओल्या आणि सुक्या दोन्ही स्थितीत घ्यावी, हे मी आता प्रत्येक कामाच्या कागदावर आधीच लिहितो, आणि बोट वाळवायला दिवस मिळणार नसतील तर काम घेत नाही.

याला दुजोरा दिला उष्णतेच्या कॅमेऱ्यानं. विजेचे पॅनेल आणि सबस्टेशन तपासणाऱ्यांकडे तो असतो, भाड्यानं मिळतो. परदेशी प्रयोगशाळेत फायबर तपासताना दिव्यांनी तापवतात. आपल्याकडे दिवसभर उलटी पडलेली बोट ऊन फुकट तापवतं. सूर्य मावळल्यावर तळ थंड होऊ लागतो. पट्टी चिकटली असेल तिथं मागं दीडपट माल असतो, ती जागा उशिरा थंडावते आणि पडद्यावर उजळ रेघ दिसते. डावीकडे दोन्ही रेघा टोकापासून टोकापर्यंत होत्या. उजवीकडे सुरुवातीला आणि शेवटाला रेघ, मधे काही नाही. कार्यालयाच्या माणसाला मिलीमीटरचे आकडे पटले नव्हते. हे चित्र पाहून त्यानं लगेच मोबाइलवर फोटो काढला.

त्याच संध्याकाळी ट्रान्सम पाहिला. बोल्टांच्या खाली ओबडधोबड उजळ पट्टा, पाणी उष्णता धरून ठेवतं म्हणून. आतल्या बाजूनं ६ मिलीमीटरचं एक भोक पाडलं तर ड्रिलबरोबर काळा, ओला, आंबट वासाचा भुसा आला. आतलं प्लायवुड कुजलं होतं. भोक पाडणं म्हणजे काही विनाविध्वंस, मालाला धक्का न लावणारी चाचणी नव्हे. पण ज्या जागी दोन साधनं एकच सांगतात तिथं एवढं भोक पाडून खात्री करायची आणि बुजवून टाकायचं, यात मला काही वावगं वाटत नाही.

शेवटची खात्री वजनानं. बोट सरळ करून पुढं-मागं आधारांवर ठेवली आणि उजव्या तळावर दोन दांड्यांच्या मधल्या पट्ट्यात २० लिटरचे पाण्याचे जार एकेक करून मांडले. जार वाढले तशी पट्टीची कड तळापासून सुटली आणि ०.१ मिलीमीटरची फीलर पट्टी, म्हणजे फट मोजायची पातळ धातूची पट्टी, आत सरकली, पुढं ढकलत नेली तर दांड्याच्या खालपर्यंत गेली. पाण्यात हे दिसलंच नसतं, कारण तिथं पाणी तळाला खालून वर, दांड्यावर दाबतं. फट मिटलेली राहते. पण तळ आणि दांडा एकमेकांवर घसरतात आणि ताठपणा निघून जातो. नावाड्याच्या पायाला तेच कळत होतं.

कारखान्यात

पट्टीची एक कड छिन्नीनं उचलली. खालचा पृष्ठभाग गुळगुळीत, चकचकीत, काचेचा एकही धागा तुटलेला नाही. चांगला जोड उचकटला तर धागे ओढले जातात, पृष्ठभाग खरबरीत, पांढरट होतो. इथं कधी चिकटलंच नव्हतं. कडकपणा नीट, काम स्वच्छ, रेझिनचं प्रमाण बरोबर, मग चिकटलं का नाही?

याचं उत्तर जळगावला मिस्तरीनं दिलं, आणि अगदी सहज दिलं. बोट मे महिन्यात बांधली. तेव्हा तिथं उजाडायच्या आधी काम सुरू करतात आणि ऊन तापायच्या आत थांबवतात, नाहीतर हार्डनर कितीही कमी घातला तरी माल डब्यातच जाम होतो. तळ झाला, डावीकडचे दांडे बसले, आणि फोम संपला. पुढचा फोम यायला वेळ होता. "मंग असंच उघडं ठेवता का भो? धूळ बसली असती, चिकट राह्यलं असतं. मेणाचा हात मारून बंद केलं. टाकीला नाही का मारत आपण?"

टाकीच्या कामात ते अगदी योग्य आहे. पॉलिस्टर रेझिन हवेच्या संपर्कात वरून चिकट राहतं. हवेतला ऑक्सिजन त्याला वरच्या थरात पिकू देत नाही. म्हणून शेवटच्या हातात थोडं पॅराफिन मेण मिसळतात. रेझिन पिकताना मेण वर येऊन पातळ पापुद्रा धरतं, हवा अडते आणि टाकी आतून कोरडी, कडक होते. टाकीचा तो शेवटचा हात असतो, त्यावर पुढं काही चढत नाही. बोटीत मात्र त्याच पापुद्र्यावर, बऱ्याच दिवसांनी, उजवीकडचे दांडे बसवले. दोन्ही टोकांना पट्टी धरली, कारण तिथं बाजूचा तळ जुळवताना ग्राइंडर फिरला होता. मधे फिरला नव्हता.

या मिस्तरीच्या हाताला मी दोष देत नाही. त्याच्या टाक्या मी पाहिल्या आहेत, उत्तम असतात. टाकी करणाऱ्याला बोट दिली आणि टाकी-बोटीतला फरक कोणी कागदावर लिहून दिला नाही, एवढंच झालं. तळाचा थर होऊन दोन दिवसांच्या आत पुढचा थर चढला तर रेझिन रेझिनला रासायनिक रीतीनंच धरतं. त्यापुढं गेलं की घासणं आलं. आणि मेण लावलं असेल तर घासायच्याही आधी ॲसिटोननं, दर वेळी नवं फडकं घेऊन, पुसणं आलं. आधी ग्राइंडर फिरवला तर मेण पुरतं निघेलच असं नाही, खोबणीत चोळलं जाऊ शकतं.

वाटणी आणि दुरुस्ती

अहवालात तीन दोष तीन वेगळ्या कारणांनी लिहिले. पुढची जखम वापरातली. उजव्या दांड्यांचा जोड बांधणीतला. आणि ट्रान्सम तिसऱ्याचाच: बोट २५ हॉर्सपॉवरच्या इंजिनासाठी बांधली होती, पुढं कार्यालयानं ४० चं बसवलं, नवी भोकं पाडली, बोल्टांना सीलंट लावलं नाही आणि जुन्या भोकांत नुसती पुट्टी भरली. 'पास' किंवा 'नापास' असा शब्द लिहिला नाही. तो लिहा म्हणून फोन बरेच आले. त्याऐवजी कोणत्या बिंदूवर कोणता आकडा, कोणत्या स्थितीत घेतला आणि कोणती गोष्ट या साधनांना दिसत नाही, हे लिहिलं. टेकलेला जोड किती वजनाला सुटेल हे कुठलंच हातातलं यंत्र सांगत नाही, हे त्यात ठळक टाकलं.

कारखानदारानं दांड्यांचं काम कुरकुर न करता केलं. सुटलेल्या पट्ट्या कापल्या, तळ पुसला, मग घासला, उरलेल्या चांगल्या पट्टीला जाडीच्या बारापट लांबीचा उतार दिला आणि नव्यानं मॅट चढवली. त्याआधी एक साधी चाचणी त्यांच्याच हातून करवली. तयार केलेल्या तळावर मॅटची अरुंद पट्टी चढवायची, तिचं एक टोक प्लॅस्टिकच्या कागदावर मोकळं ठेवायचं आणि दुसऱ्या दिवशी पकडीनं ओढून काढायची. जुन्या, न पुसलेल्या जागेवरची पट्टी सोलल्यासारखी अख्खी निघाली. पुसून घासलेल्या जागेवरची निघता निघेना, निघाली तेव्हा तळाचे धागे घेऊन. मिस्तरी ती निघालेली पट्टी बराच वेळ उलटसुलट करून पाहत होता. नंतर त्यानं मेणाच्या रेझिनच्या डब्याला लाल रंगाचा पट्टा मारला.

दुरुस्तीनंतर त्याच क्रमांकाच्या बिंदूंवर सुक्या बोटीचे आकडे पुन्हा घेतले. उजवीकडे आता १२.५ ते १३, नवी पट्टी थोडी जाड झाली म्हणून. जार मांडून फीलर फिरवला, कुठं शिरला नाही. पुढच्या जखमेचे सुटलेले थर काढून तेवढा तुकडा नव्यानं भरला.

ट्रान्सम मात्र कोणाच्या खात्यात बसेना. कारखानदार म्हणतो आपला दोष नाही, आणि ते खरं आहे. कार्यालय म्हणतं दुरुस्तीच्या मंजुरीत 'तळ' एवढाच शब्द आहे. आतलं प्लायवुड काढून नवं मरीन प्लाय बसेपर्यंत ४० चं इंजिन लावू नये असं अहवालात आहे, म्हणून जुनं २५ चं परत चढवलं. बोट सध्या त्यावर चालते. नावाड्याचा पावसाळ्याच्या तोंडावर फोन आला होता. तळ आता लपलपत नाही म्हणाला, पण भरून निघालं की फेरीला फार वेळ लागतो, आणि मोठं इंजिन शेडमध्ये नुसतं पडून आहे, ते कधी लावू देता?